ठिकानी लावून देलं

माझा धाकटा भाऊ आतल्या खोलीत घोरतोय. दुपारचे तीन वाजलेत, अकोल्याचं ऊन जाड पडद्यालाही जुमानत नाही, आणि हा बाबा कूलरसमोर आडवा होऊन असा घोरतोय की काल शेजारीणबाईंनी "बोअरची मोटर सुरू आहे का हो?" म्हणून विचारलं. एरवी मी त्याला ढकलून कुशीवर केलं असतं. आता हात उचलवत नाही. घोर म्हणावं, हवं तेवढं घोर. दोन दिवाळ्या त्याने अमरावतीच्या तुरुंगात खुनाचा आरोपी म्हणून काढल्या, आणि त्यातला निम्मा दोष माझा आहे. निम्मा म्हणतानाही मी स्वतःला थोडं सांभाळूनच घेते आहे.

मी शाळेत मराठी शिकवते. आमचं गाव हिवरखेड. तिथली काळी जमीन आता चुलतभाऊ वाहतो. घरात सगळे वऱ्हाडी बोलायचे, मीही बोलायची. डी.एड.ला गेले तेव्हा तिथल्या एका बाईंनी माझ्या 'मले'वर सगळ्या वर्गादेखत हसून घेतलं, आणि त्या दिवशी मी जी जीभ वळवली ती वळवलीच. मग इतरांच्या मागे लागले. मुलांच्या वह्यांत लाल शाईने, आईच्या बोलण्यावर डोळे वटारून आणि भावाच्या बोलण्यावर सरळ तोंडाने. "देलं नाही रे, दिलं म्हण." तो हसायचा. "ताई, मतलब समजला ना तुले? मंग झालं." याच्यावर मला इतका राग यायचा की मी दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे, आणि त्याला ते कळतही नसे.

तो ड्रायव्हर. हात साफ, डोकं थंड, आणि माणूस एकदम बोलका. एकदा तो पर्यटकांना घेऊन मेळघाटात सेमाडोहच्या पुढे गेला. तिथे फोन लागत नाही. गाडी बिघडली आणि परतायला दुसरा दिवस उजाडला. तेवढा वेळ आई जेवली नाही आणि तिने मलाही जेवू दिलं नाही. तेव्हापासून तिने नियमच घालून दिला. गाडीत बसवलेलं माणूस जिथं जायचं तिथं पोचलं, की आधी घरी कळवायचं, मग चहा प्यायचा. "दुसऱ्याचं लेकरू तुया गाडीत असते," ती म्हणायची, "ते पोचलं म्हंजे तू पोचला."

आईकडे बटणांचा साधा फोन. म्हणून तो आपला आवाज माझ्या फोनवर पाठवायचा आणि मी फोन आईच्या कानाला लावायची. निरोप ठरलेला असे. "ताई, मायले सांगजो, पाहुण्याले ठिकानी लावून देलं. आता निंगून राहिलो. जेवन ठेवजो." ठिकानी लावून देणं म्हणजे जिथं जायचं तिथं नीट पोचतं करणं. आमच्याकडे नवरीला सासरी, म्हाताऱ्याला दवाखान्यात, भाच्याला होस्टेलवर असंच लावून देतात. निरोप ऐकला की आई फोनकडे बघून म्हणायची, "बरं, ठेवते," आणि ताट वाढून झाकून ठेवायची. फोन तोवर बंद झालेला असायचा, पण ते तिला पटवून देणं मी कधीच सोडून दिलं होतं.

मग तो एका विनोदी कलाकाराच्या गाडीवर लागला. नाव लिहीत नाही. वऱ्हाडी बोलून हसवणारा माणूस, मोबाइलवर त्याला पुण्यामुंबईचे लोकही बघतात, आणि अमरावतीबाहेर त्याचं फार्महाऊस आहे. मला त्याचे विनोद कधी आवडले नाहीत. भाषा फार ढोबळ वाटायची. भाऊ मात्र त्याच्यावर खूश होता.

एका दुपारी त्या फार्महाऊसवर कलाकाराचं आणि त्याच्या मॅनेजरचं कार्यक्रमांच्या तारखांवरून जोरदार वाजलं. नोकरचाकर सगळ्यांनी ऐकलं. शेवटी कलाकाराने माझ्या भावाला सांगितलं, याला परतवाड्याला सोडून ये, तिथं त्याचं काम आहे. भावाने त्याला परतवाड्याच्या एका लॉजवर सोडलं, नेहमीप्रमाणे मला निरोप पाठवला, आणि अंजनगाव-अकोट करत संध्याकाळी अकोल्याला येऊन माझ्यासमोर पिठलं-भाकर खाल्ली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचं प्रेत अमरावतीजवळच्या एका नाल्यात सापडलं. डोक्यावर मार होता. आधी कलाकाराला धरलं, मग माझ्या भावाला. मालकाने सांगितलं आणि ड्रायव्हरने काम केलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

मला अमरावतीला बोलावलं तेव्हा मी मोठ्या विश्वासाने गेले. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचा निरोप होता. माणूस ठिकाणी पोचला, असं त्यात भावाने स्वतः सांगितलेलं. हा घ्या फोन, ऐका, आणि सोडा माझ्या भावाला, इतकं ते मला सोपं वाटलं. तपास करणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी चहा मागवला, निरोप दोनदा ऐकला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. तुम्हीच लिहून द्या ना. आमच्या रायटरचं शुद्धलेखन बघितलं तर तुम्ही त्यालाच अटक कराल."

झालं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी पेन घेतलं आणि सवयीने भावाचा निरोप तपासला. हो, तपासलाच, दुसरा शब्द नाही. 'म्यानेजरले' होतं त्याचं 'मॅनेजरला' केलं. 'लावून देलं' मला फार गावठी दिसलं, म्हणून सुटसुटीत 'लावले' केलं. 'निंगून राहिलो' याचं 'निघत आहे'. 'मायले सांगजो' आणि 'जेवन ठेवजो' हे तर घरगुती, सरकारी कागदावर काय शोभणार, म्हणून गाळून टाकलं. अधिकाऱ्यांनाही मुद्द्याचं तेवढंच हवं होतं. माझ्या वळणदार अक्षरात खाली उरलं ते असं: "मॅनेजरला ठिकाणी लावले. आता निघत आहे." मी सही केली, पंचांनी सह्या केल्या. निघताना अधिकारी म्हणाले, "वा, काय अक्षर आहे!" आणि मी चक्क "थँक्यू" म्हणाले.

आठवड्याभरात एका हिंदी वाहिनीवर माझा कागद झळकला. माझं अक्षर, पडद्याएवढं मोठं. त्याखाली लाल पट्टीत हिंदी: 'ठिकाने लगा दिया'. हिंदीत 'ठिकाने लगाना' म्हणजे काय हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. मारून विल्हेवाट लावणं. त्यापाठोपाठ माझ्या भावाचा आवाज, मागचापुढचा भाग कापून नुसता मधला तुकडा, वर ढोलासारखं काहीतरी वाजणारं संगीत. तो तुकडा त्या संध्याकाळी मी अकरा वेळा मोजला, मग मोजणं सोडलं. चार जण चौकटींत बसून एकमेकांवर ओरडत होते. कोणी एकाने त्या कलाकाराची जुनी चित्रफीत शोधून आणली होती, त्यात तो बायकोच्या भावाला गमतीत म्हणतो, "तुले आज ठिकानीच लावतो." तीही दाखवली. इतक्या वर्षांत लोक जिथे हसले होते तिथे आता सगळे गंभीर झाले.

आई माझ्या शेजारी बसून बघत होती. मुलाचा आवाज ऐकून तिचा चेहरा पहिल्यांदा फुललाच. मग ती म्हणाली, "अवो, बराबरच तं सांगून राहिला तो. लावून देलं ना त्यानं. मंग हे लोक काहून बोंबलून राहिले?" मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

वकील अचलपूरचे मिळाले. मुसलमान, वयस्कर, घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि कोर्टात मराठी असे तिन्हीकडे सारखेच आरामात. मी एसटीने त्यांच्याकडे गेले. त्यांनी आरोपपत्रातला तो कागद चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला.

"हे कोनं लिवलं?"

"मी."

"मॅडम, तुमची मराठी लई साफ हाय," ते म्हणाले. "इतकी साफ, की त्याच्यात तुमचा भाऊच धुवून निंघाला." मग माझं तोंड बघून त्यांनी घाईघाईने पाणी मागवलं.

त्यांनीच मला पुढचं पान दाखवलं. परतवाड्याच्या लॉजचं रजिस्टर. मॅनेजरने त्या दुपारी तिथे स्वतः नाव लिहून सही केलेली होती. निरोपाच्या थोडी आधीची वेळ. पोलिसांनी ते पान लपवलं नव्हतं, आरोपपत्राला नीट जोडलं होतं. पण ती सही दुसऱ्याच कोणीतरी ठोकली, हाही कटाचाच भाग, असं त्यांनी म्हटलं होतं. कारण ड्रायव्हर तर स्वतःच्या तोंडाने कबूल झाला होता! मला तेव्हा उमगलं की घोटाळा कुठे झाला. त्या एका ओळीचा अर्थ आधी पक्का झाला आणि बाकीचा प्रत्येक कागद त्या अर्थाने वाचला गेला. आवाज पोलिसांकडे पुरा होता. तो परत ऐकण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण ऐकण्यापेक्षा वाचणं लवकर होतं, आणि वाचायला माझं अक्षर फार छान होतं.

तुरुंगात भेटायला जायचे तेव्हा मी मनात माफीचं भाषण तयार करून जायचे. एकदाही म्हणता आलं नाही. तो मधल्या जाळीतून हसायचा, मायचे डोळे कसे आहेत विचारायचा, आपण दोन वेळ जेवतो हे तिला सांग म्हणायचा. एकदाच म्हणाला, "ताई, तुया हातचा कागद दाखवला मले वकीलसायबानं. लई सुंदर अक्षर हाय वं तुयं. मले तं वाटलं मीच इतकं शुद्ध बोललो का काय!" तो चिडवत होता. तो मला तिथूनही चिडवत होता. मी परतीच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

साक्षीची तारीख आली. मी सरकार पक्षाची साक्षीदार, म्हणजे भावाच्या विरुद्ध बाजूची. न्यायाधीश पुण्याकडचे होते, बोलणं तोलूनमापून. मागच्या बाकांवर पत्रकार, कलाकाराचे चाहते, आणि एका कडेला मॅनेजरची बायको. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो. भावाचा निरोप आला होता? हो. बसले ते खाली. इतकं पुरेसं होतं त्यांना.

आमचे वकील उठले. "मॅडम, निरोप जसा आला तसा कोर्टाला म्हणून दाखवा."

मी घसा साफ केला. "आईला सांग, मॅनेजरला..."

"तसा नाही. जसा आला तसा."

इतक्या वर्षांत मी चार लोकांत ते बोलले नव्हते. समोर पुण्याचे न्यायाधीश, मागे माझ्या शाळेतले दोन सहकारी मुद्दाम रजा टाकून आलेले. डी.एड.च्या वर्गातलं ते हसू माझ्या कानात तसंच्या तसं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात भाऊ उभा होता. त्याने मान किंचित हलवली, जशी लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी हलवायचा, की घाबरू नको, खोल नाही.

"ताई, मायले सांगजो," मी म्हणाले, "म्यानेजरले ठिकानी लावून देलं. आता निंगून राहिलो. जेवन ठेवजो."

मागे खसखस पिकली. न्यायाधीशांनी मान वर केली आणि हसणं थांबलं. मग त्यांनी मला विचारलं, "यातलं 'मायले सांगजो' आणि 'जेवण ठेवजो' तुमच्या कागदावर नाही."

"मी गाळलं, साहेब."

"का?"

"मला ते अशुद्ध वाटलं." मी म्हणाले. "घरचं होतं म्हणून गाळलं. चूक झाली माझी."

त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग वकिलांनी अर्ज करून मिळवलेले माझ्या फोनमधले बाकीचे निरोप कोर्टात वाजवले. भावाचा आवाज, एकामागोमाग एक. नवरीला ठिकाणी लावून दिलं. मुख्याध्यापकांना ठिकाणी लावून दिलं. कोणाच्या तरी दोन बकऱ्यांना अचलपूरला ठिकाणी लावून दिलं. आणि एका निरोपात एका मोठ्या पोलीस साहेबांना अकोल्याच्या स्टेशनवर ठिकाणी लावून दिलं होतं. "हे साहेब आजही नोकरीत असून त्यांची प्रकृती उत्तम आहे," असं वकिलांनी अतिशय अदबीने कोर्टाच्या निदर्शनास आणून दिलं. न्यायाधीश कागद शोधायला खाली वाकले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेच, मायले सांगजो, जेवन ठेवजो. खून करून कोणता माणूस आईला कळवतो आणि वर भाकर मागतो, एवढंच विचारून वकील बसले.

त्या संध्याकाळी मी सगळ्या वाहिन्या फिरवून बघितल्या. बकऱ्या कुठेच नव्हत्या. एका हिंदी वाहिनीवर 'बहिणीने जबाब फिरवला' अशी पट्टी होती. मी टीव्हीची वायरच काढली, आणि ती आजतागायत परत लावलेली नाही.

निकालाला आणखी काही महिने लागले. निकालाच्या दिवशी आईला घरी ठेवून मी एकटीच अमरावतीला गेले. न्यायाधीश वाचत होते आणि मला त्यातलं अर्धंच कळत होतं. रजिस्टरवरची सही मॅनेजरचीच, असा अक्षरतज्ज्ञाचा अहवाल. माझ्या भावाने अकोल्यात भाकर खाल्ल्यानंतरही मॅनेजरचा फोन परतवाड्यातच सुरू होता. भांडण झालं म्हणजे खून केला असं होत नाही. आणि निरोपाचा अर्थ, बोलणाऱ्याच्या घरात जो आहे, तोच घ्यावा लागेल. मग 'निर्दोष' हा शब्द आला. दोघेही. कलाकार पिंजऱ्यातच मटकन खाली बसला. माझ्या भावाने शिपायाला विचारलं, "संपलं काय?" आणि शिपाई म्हणाला, "संपलं बाप्पा, जाय घरी." मी बाकाची पाठ धरली, आणि वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या बाहीला नाक पुसलं. त्यांनी रुमाल नंतर दिला.

बाहेर पडताना मॅनेजरची बायको समोर आली. तिच्या नवऱ्याला कोणी मारलं ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि दोन वर्षं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की माहीत आहे. ती म्हणाली, "तुमच्या भावानं त्याले लॉजवर सोडलं, तवा तो काही बोलला होता काय?" मी म्हटलं, विचारून सांगते. भावाने पुढे आठवून आठवून सांगितलं, तो उतरताना म्हणाला होता की पोरीसाठी परतवाड्यातून सीताफळं न्यायची आहेत. मी तिला फोन करून ते सांगितलं.

सुटकेचे कागद तुरुंगात पोचायला दुसरा दिवस लागला. दुपारी तो बाहेर आला, हातात कापडी पिशवी, केस पुढून विरळ. मी गाडी करते म्हटलं तर म्हणाला, एसटीनं जाऊ, दुसऱ्याच्या हातची गाडी मले जमत नाई. एसटीत तो सगळा वेळ ड्रायव्हरच्या चुका काढत होता. गेअर उशिरा टाकला. ब्रेक असा मारतात काय. मूर्तिजापूर येईस्तोवर मी ऐकून घेतलं. त्यानंतर मला हसू आवरेना. तो म्हणाला, "काहून हसून राहिली?" मी म्हटलं, "तू दुसऱ्याचं शुद्धलेखन तपासून राहिला म्हणून." माझ्या तोंडून 'राहिला' गेलं ते माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं. त्याने भुवया उंचावल्या, पण सोडून दिलं.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. फाटकाशी चप्पल काढायच्या आधीच तो थांबला. त्याला आत जाववेना. आई दारात आली होती. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं बरं दिसतं, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती.

मग मला कळलं कशाची.

"माय," मी म्हणाले, "याले ठिकानी लावून देलं वं."

"बरं," आई म्हणाली. "जेवन ठेवलं हाय."